कुंभकोणमच्या कोंबड्यांच्या पोटात

मद्रासहून निघालेली गाडी सकाळी कुंभकोणमला पोहोचली. माझ्या हातात बर्फाचा थर्मास होता. गोपाळराव न्यायला आले होते. त्यांच्या कोळिप्पण्णैत (कुक्कुटपालन केंद्रात) कोंबड्या रक्ताच्या हगवणीने मरत होत्या, औषध लागू पडत नव्हतं. नव्वदीच्या दशकाची अखेर होती. परजीवीची जात डीएनएवरून ओळखण्याचं तंत्र आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत नुकतंच आलं होतं.

गोपाळरावांचे पूर्वज मराठ्यांच्या काळात इकडे आलेले. रिक्षात ते हळूच म्हणाले, "आईसमोर कोंबड्यांचें नांव काढूं नका. आम्ही वैष्णव. मी चोळपुरास नारळ लावतों असें तिला वाटतें."

"मग मी कोण?"

"डाक्टर. तितकें पुरे."

"या, श्रम जाहले असतील," घरी पोहोचताच गोपाळरावांच्या आई म्हणाल्या. अशी मराठी मी फक्त बखरीत वाचली होती. उत्तर सुचेपर्यंत त्यांनी मनगट पुढे केलं. मी जनावरांची डॉक्टर. तरी नाडी धरली आणि "बरी आहे" म्हटलं. केळीच्या पानावर पिठलं वाढताना त्यांनी विचारलं, "पोटांत कृमि असले तर कसे ओळखतां?" मी गोपाळरावांकडे पाहिलं. ते पानाकडे बघत होते.

दुपारी भातशेतीतून चोळपुरम्‌ची शेड गाठली. मेलेली कोंबडी उघडली तर आतड्याच्या मध्यातही रक्त आणि टोकालाही. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीची अंडी सगळी सारखीच दिसत होती.

"कोणता रोग?" गोपाळरावांनी विचारलं.

"नुसतं बघून नाही सांगता येत."

"मग इतक्या दूर आलांत कशास?" ते चिडले नव्हते, थकले होते. "हा कळप गेला तर मी शेड विकतों."

मी नमुने बर्फात ठेवले.

संध्याकाळी निघताना आईंनी तयिर सादम्‌चा (दहीभाताचा) डबा दिला आणि दबक्या आवाजात विचारलं, "कोंबड्या वाचतील काय?"

मी चपापून गोपाळराव कुठे आहेत ते पाहिलं.

"त्याच्या कपड्यांस वास येतो, बाई. तो सांगत नाहीं, मी विचारीत नाहीं."

नागपूरला डीएनएची चाचणी केली. एका जातीची एक रेघ यायला हवी तिथे दोन आल्या. नमुन्यात काही मिसळलं असेल म्हणून सगळं पुन्हा केलं, पुन्हा दोनच. म्हणजे दोन जातींचे परजीवी एकत्र होते. औषध बहुधा एकालाच आवरत होतं.

फोन लावला तो आईंनीच उचलला. मी अडखळले. "गोपाळराव आहेत का? त्यांच्या... नारळांबद्दल बोलायचं होतं."

मग त्यांनी घरभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "गोपाळा, ये! तुझ्या कोंबड्यांचा फोन आहे!"

बऱ्याच वेळाने गोपाळराव आले. मी दोन परजीवींचं सांगत होते, ते "बरें, बरें" म्हणत होते. त्यांच्या कानात नक्की काय शिरलं, कोण जाणे.

औषध बदललं, बऱ्याच कोंबड्या सावरल्या, शेड राहिली. पण आई इतकी वर्षं गप्प का होत्या आणि त्याच दिवशी का बोलल्या, हे मला अजूनही सांगता येत नाही.