बारावा फोटो

वसंतकाकांकडून बारावा फोटो काढून घेणं कोणाला जमलं नाही. त्यांच्या पेटीसारख्या कॅमेऱ्यात रुंद रोल बसायचा आणि त्यावर फोटो निघायचे बाराच. अकरा झाले की काका कॅमेरा पिशवीत घालून मोकळे! माझ्या लग्नात सासऱ्यांनी आकांडतांडव केलं, पण काका ढिम्म. "तो राखून ठेवेल हाय. कोनाच्या घरी काय होईन, सांगता येते काय?" आता लग्नघरात असं बोलतात का? पण काकांच्या जिभेला हाड नव्हतं.

पुढे तालुक्याच्या गावी, मानोऱ्यात, मी त्यांच्या स्टुडिओला लागूनच शिवणाचं दुकान टाकलं, तेव्हा ते बोलणं कळलं. जवळच्या बंजारा तांड्यावर कोणी म्हातारं गेलं की पोरांच्या लक्षात यायचं, बापाचा एकही फोटो नाही. मग धावत काकांकडे. राखलेला बारावा फोटो त्या मेलेल्या माणसाचा. डोळे अर्थातच मिटलेले. काका विचारायचे, "डोये कसे होते रे बापाचे? हासताना बारीक होत का?" पोरगा रडत रडत सांगायचा आणि काका निगेटिव्हवर काम करायचे. पेन्सिल फिरवली की फोटोत ती जागा पांढरी होते, ब्लेडनं खरवडली की काळी. रोल रुंद, म्हणून निगेटिव्ह मोठी आणि म्हणून हे जमायचं. डोळे उघडलेला बाप पाहून पोरं फोटोवर डोकं टेकायची.

मग तो रोल येणंच बंद झालं. अकोल्याचा दुकानदार म्हणाला, "काका, आता हे कोनी बनवत नाही." शेवटचा रोल काकांनी घरच्या फ्रिजमध्ये ठेवला, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. तोही जपून जपून अकरापर्यंत आला.

शांताकाकू, म्हणजे काकांची बायको, दुपारी माझ्या दुकानात काज-बटणं करायला बसायच्या. त्यांचे तरुणपणचे फोटो वाळवीनं खाल्लेले. "अवो, एक माहा काढा ना. लुगडं नवं हाय," त्या भिंतीपलीकडे ओरडायच्या.

"तो ठेवेल हाय. नवा रोल येऊ दे, तुह्ये अख्खे बारा काढतो!"

मी चिडायची. "काका, मोबाईलवर तरी काढा."

"मोबाईलवर लोक ट्रॅक्टरचे फोटो काढतेत. माह्या बायकोचा थातूरमातूर नाही काढाचा."

काकूही कमी नव्हत्या. मी मोबाईल धरला की पदर तोंडावर. "माहा फोटो माहा मानूसच काढीन."

आणि एका सकाळी भाकरी थापता थापता काकू गेल्या. अंगणात बाया जमल्या होत्या. काका आत गेले, कॅमेरा घेऊन आले. बारावा फोटो काकूंचा निघाला.

तेरवी झाल्यावर मी चहा घेऊन गेले, तर काका काचेवर निगेटिव्ह ठेवून पेन्सिल धरून बसलेले.

"माय, तिचे डोये कसे होते व?"

"काका! असं काय विचारता?"

"खरं इचारून राह्यलो. लोकाइच्या मेलेल्या मानसाइचे डोये केले जन्मभर. तिच्याकडं पाहाचं राहूनच गेलं."

माझा जीव तुटला. सांगितलं मी. घारे होते. सुई ओवताना डावा बारीक व्हायचा. तुमची सायकल वाजली की कामातून उठून आधी दाराकडे जायचे. काका ऐकत होते, त्या तांड्यावरच्या पोरांसारखे रडत. पेन्सिलीचं टोक निगेटिव्हला टेकलं, पण हात पुढे सरकेना. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

फोटो तसाच स्टुडिओत लागला, डोळे मिटलेला. स्वतः जाईपर्यंत काका रोज त्याच्यासमोर बसायचे. एकदा मी विचारलंच, "काका, साऱ्या तालुक्याचे डोळे उघडलेत, मग काकूंचेच काहून नाही?"

काका फोटोकडे पाहत म्हणाले, "उघडले त मलेच पाहतीन ना व ते. मंग मी तिच्यापुढं कोन्त्या तोंडानं बसू?"