गालातले धागे

नोकरीत किती गुन्हे हाताळले ते आता आठवत नाही, पण पदराआड अर्धा चेहरा झाकून बसलेल्या त्या बाई आजही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरी शहरात निरीक्षक होतो.

सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचा फोन आला. पन्नाशीच्या एक बाई दाखल झाल्या होत्या. कुणीतरी त्यांच्या गालांत धागे घालून कातडी वर ओढली होती. एक गाल पिकला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि कानाजवळ धाग्याचं टोक बाहेर आलं होतं. हे कुणी केलं, ते मात्र त्या सांगत नव्हत्या.

मी महिला शिपाई घेऊन गेलो. बाई मिरजोळ्याच्या बाजूला एकट्या राहत. नवरा बोटीवर, मुलगी लग्न होऊन परदेशात.

"फिर्याद द्यायची नाय मला," त्या म्हणाल्या. "लोक हसतील. ह्यांना कळलं तर काय सांगू?"

मी आग्रह धरला नाही. दुखावलेल्या माणसाला रेटलं की तो अधिकच मिटतो. निघताना एवढंच म्हणालो, "तुमच्यानंतर आणखी कोणी त्या खुर्चीत बसेल."

चौकशीत एका ब्यूटी पार्लरचं नाव पुढं आलं. मागच्या खोलीत मुंबईचा एक 'डॉक्टर' अधूनमधून येई. तो पुन्हा आला त्या दिवशी आम्ही पंच घेऊन गेलो. दोन बायका बाकावर थांबल्याच होत्या. पंचनाम्यात सुया, भुलीची इंजेक्शनं आणि धाग्यांची पाकिटं जप्त केली. त्याला ठाण्यात आणलं.

माणूस गोडबोल्या होता. "साहेब, मी फक्त सल्ला देतो. सामान पार्लरवालीचं." पार्लरवाली रडत होती, पण बोलत नव्हती. रुग्णालयातल्या बाईंचं नाव घेतल्यावर तो म्हणाला, "अशा कुणाला मी ओळखत नाही." दुपार कलली. फिर्यादीशिवाय त्याला किती वेळ बसवून ठेवणार?

एवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, त्या बाई आल्यात."

गालाला पट्टी, डोक्यावरून पदर. त्या थेट त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि पदर खाली घेतला.

"मला ओळखत नाय तुम्ही? सुई टोचताना माझा हात धरून म्हणाला होतात, ताई, आता आरशाला घाबरायचं नाही."

त्यानं मान वळवली. पार्लरवालीला मात्र तो चेहरा बघवेना. "ह्यानंच केलं," ती म्हणाली आणि सगळं सांगत सुटली. तो डॉक्टर नव्हताच. मुंबईच्या एका दवाखान्यात मदतनीस होता.

खटला उभा राहिला. आरोपीच्या वकिलानं बाईंना विचारलं, "या वयात ही हौस कशाला?"

मागच्या बाकावर त्यांचा नवरा बसला होता, सुटीवर आलेला. बाईंनी एकदा तिकडे पाहिलं.

"हौस नव्हती," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. ताई, झोप लागत नाही का, असं विचारलं. बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

नवऱ्यानं चष्मा काढून पुसला. आरोपीला शिक्षा झाली. नवरा पुन्हा बोटीवर गेला.

गुन्ह्यामागचा हेतू आम्ही आरोपीकडे शोधतो. फसलेल्या माणसाला आरोपीच्या दारापर्यंत कशानं नेलं, हे विचारण्याची सवय मला या प्रकरणानं लावली. बहुतेक वेळा उत्तर लोभ नसतं, रिकामं घर असतं.

बदलीचा हुकूम आल्यावर मी पत्नीसह बाईंचा निरोप घ्यायला गेलो. गालावर व्रण राहिला होता. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. आम्ही उठलो तशा त्याही लगबगीनं उठल्या.

"बसा हो, एवढ्यात कुठं?" म्हणाल्या, आणि आम्ही हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी पुन्हा चहाचं आधण चढवलं.