ज्या घरचा हात वर झाला

शिरसवलीत लग्न ठरलं की मुहूर्त भटजी काढतो, पण तो पक्का होतो मंजुळा मढवीच्या ओटीवर. मंजुळा गावची धवलारीण. हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलाला नाहीतर मुलीला पाटावर बसवलं की ती धवले गाते, गाण्यातून गावदेवीला, वेशीवरच्या देवाला, घरातल्या गेलेल्या माणसांना आवतण देते आणि मग त्या पोराचं किंवा पोरीचं नाव घेते. ते नाव तिच्या तोंडून आल्याशिवाय अंगाला हळदीचं बोट लागत नाही. गावात डीजे आला, ड्रोन आला, नवरदेव जेसीबीच्या फावड्यात उभे राहून मांडवात यायला लागले. पण हळदीच्या ताटाला हात घालायच्या आधी सगळ्या बायका अजूनही मंजुळेच्या तोंडाकडे बघतात.

लग्नं बहुतेक उन्हाळ्यात. बाकीचं वर्ष मंजुळा जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. शीळ रस्त्यावरून आत वळलं की दोन टॉवरांच्या मधे अंग चोरून बसलेल्या दोन खोल्या दिसतात, तीच ती शाळा. प्रशांत आणि मेघना ही तिची दोन्ही पोरं तिथेच शिकली. मेघना पुढे डोंबिवलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली, त्याचं श्रेय मंजुळा त्या दोन खोल्यांना देते. स्वतः ती शाळेची पायरी चढली ती थेट पातेलं घेऊनच. आता प्रशांतची अक्षदा तिसरीत होती, आणि नातीच्या ताटात खिचडीची एक पळी जास्त पडते असा कोणी आरोप केला तर आजी त्याच पळीने उत्तर द्यायला तयार असे.

त्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गात अकरा पोरं होती. त्यातली निम्मी कातकरी वाडीवरची. गावातली बाकीची पोरं सकाळी टाय लावून पिवळ्या बसमध्ये चढत होती. शाळेवर शिक्षिका एकच, दर्शना रोकडे. कोपरहून स्कूटीवर यायच्या, तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मंजुळेला चुलीपाशी गाठलं.

"मावशी, शिक्षण खात्याचे साहेब आलेले काल. बोलले, पट असाच राहिला तर पुढच्या जूनला ही शाळा बंद. पोरं रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत."

"रस्त्यापलीकरं? तो डंपरचा रस्ता पोरा पार करनार?"

"बस देऊ बोलतात."

"देव पन देऊ बोलतो," मंजुळा म्हणाली आणि डाळीला फोडणी घातली. फोडणी जरा जास्तच तडतडली. वाडीवरची पोरं रस्त्यापलीकडे जाणार नाहीत, घरीच बसतील, हे तिला सांगायला कोणी साहेब लागत नव्हता. आणि अक्षदा त्या रस्त्यावर उभी आहे असं नुसतं मनात आलं आणि तिने पळी पातेल्यावर आपटली.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली आणि शाळेच्याच अंगणात ग्रामसभा बसली. माजी सरपंच आबा केणे उठले. आबांचे चार डंपर, एक लॉन आणि बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. शाळा म्हातारी झाली, म्हणाले. आपली पोरं इंग्लिश मिडियमला जातात. सरकार बंद करतंय तर गावाने हरकत घेऊ नये, उलट त्या जागेवर समाजमंदिर मागावं, हळदीला हक्काची जागा होईल. "हा ठराव ज्याला पटला त्यानी हात वर करा," आबा म्हणाले. हात भराभर वर गेले. आबांकडून कोणाला रेती हवी होती, कोणाला नोकरी, आणि बऱ्याच जणांना नुसतं लवकर घरी जायचं होतं.

जिलेबीचं रिकामं ताट हातात घेऊन मंजुळा पुढे आली.

"हात वर ठेवा, खाली नका घेऊ," ती म्हणाली. "मला नीट बघू द्या. ज्या घरचा हात वर झाला, त्या घरच्या मांडवात मंजुळेचा धवला नाय. ही शाला वाचंपर्यंत नाय, नि बंद केलीत तर कवाच नाय. गावदेवीची आन."

धवलारणीने गावदेवीची आण घालणं म्हणजे चेष्टा नव्हे. तेवढ्यात मागून कोणीतरी खिदळलं, "मावशे, मागं बघ."

मंजुळेने मागे बघितलं. कडुनिंबाखाली तिचा प्रशांत उभा होता. आबांच्या डंपरवरचा ड्रायव्हर. त्याचा हात डोक्याच्या वर होता, आणि आईने ठेवा म्हटलं म्हणून की काय, तो तसाच राहिला होता.

रागाच्या भरात आधी सगळे हात मोजून मग तोंड उघडायचं, एवढं भान मंजुळेला राहिलं नव्हतं. मेघनाचं लग्न माघात ठरलं होतं. स्वतःच्या घरावर स्वतःच आण घालून बसलेली धवलारीण पंचक्रोशीत दुसरी झाली नसेल.

घरी आल्यावर प्रशांत भिंतीला टेकून उभा राहिला. "आये, डंपर आबांचा. अक्षदाची इंग्लिश शालेची फी पन भरतो बोलले. मी काय करनार होतो?"

"हात खिशात ठेवायचास," मंजुळा म्हणाली, आणि त्या रात्री त्याला वाढलं नाही. सुनेने वाढलं.

दिवाळी झाली. वाडीवरच्या घरांची वीटभट्टीवर जायची वेळ झाली. दरवर्षी पोरं आईबापांबरोबर जायची आणि पट अर्धा व्हायचा. या वर्षी दर्शनाबाई स्कूटी घेऊन वाडीवर गेल्या आणि मागच्या सीटवर मंजुळा. बाई शिक्षणाचं बोलल्या. मंजुळा म्हणाली, "पोरा माझ्या घरात झोपतील. जेवतील. भट्टीवर विटा उचलतील त्यापेक्षा हितं पाढे बोलतील." चार पोरं तिच्या पडवीत राहिली. अक्षदाला तर ऐन दिवाळी संपल्यावर पुन्हा दिवाळी आल्यासारखं झालं. सकाळी न्हाणीपुढे रांग, रात्री पडवीत पाढे. प्रशांतला आपल्याच घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि मंजुळेला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

लग्नाचा हंगाम सुरू झाला. ज्या तीन-चार घरांनी हात वर केला नव्हता त्यांच्याकडे मंजुळा गायला गेली, आणि जरा जास्तच खड्या आवाजात गायली. बाकीचे मेघनाच्या हळदीची वाट बघत होते. पारावर हाच विषय. "बघू ना, पोटच्या पोरीच्या हळदीला गप बसतंय काय." आबा हसून म्हणायचे, "बसू दे चार दिस. आई हाय ती."

हळदीच्या आदल्या दिवशी मेघना आईच्या पुढ्यात येऊन बसली. "आई, मी तुझ्याकडे कधी काय मागितलं? लहानपणापासून ऐकतेय, दुसऱ्यांच्या पोरींची नावं. माझं एकदा घे. हळू घे. फक्त मला ऐकू येऊ दे."

मंजुळेने तिचे दोन्ही हात धरले.

"हळू घेतला तरी देवीला ऐकू जाईल, नि आबाला पन. उद्या तुझ्या मांडवात गायले तर परवा त्याच्या दारात कुठल्या तोंडानं नाय बोलू? मग ती वाडीवरची पोरा भट्टीवर जातील, मेघे. तू त्याच शालेतून लॅबमंदी गेलीस."

"म्हणजे शाळा मोठी, मी नाय."

"तसं नाय गो," मंजुळा म्हणाली, पण मेघना उठून आत गेली होती.

दर्शनाबाईसुद्धा म्हणाल्या, "मावशी, सोडा हो शपथ. शाळेचं बघू आपण. पोरीला कशाला शिक्षा?" मंजुळा त्यांच्यावरच उखडली. "बाई, तुमची बदली झाली की तुमी दुसऱ्या शालेत जाल. मी हितंच हाय."

हळदीला सगळा गाव आला. न बोलावलेलेही आले. मेघना पाटावर बसली. बायकांनी हळदीची ताटं हातात घेतली आणि सवयीने मंजुळेकडे बघितलं. मंजुळा मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. ओठ मिटलेले, मान ताठ, आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या. पुसायलाही तिने हात उचलला नाही. एका म्हातारीने धीर करून सूर लावला, दुसऱ्याच ओळीला अडखळली आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. शेवटी मेघनाच्या आत्याने नाव न घेताच गालाला हळद लावली. मेघनाने आईकडे बघितलं नाही. डीजेवाल्याला कोणीतरी खूण केली तेव्हा त्यानेसुद्धा विचारलं, "लावू का खरंच?"

दुसऱ्या दिवशी पोरगी सासरी गेली आणि तिसऱ्या दिवशी प्रशांतने डंपरची चावी आबांच्या टेबलावर ठेवली. "बहिणीची हळद मुकी गेली माझ्या हातापायी," एवढंच बोलला. मग डोंबिवलीत भाड्याची रिक्षा चालवायला लागला. मंजुळेने त्याला पुन्हा स्वतःच्या हाताने वाढायला सुरुवात केली.

गावाची मात्र आता टरकली. जिने पोटच्या पोरीला सोडलं नाही ती आपल्याला काय सोडणार? वैशाखात ज्यांच्या घरी लग्नं होती ती माणसं एकेक करून ओटीवर यायला लागली. आमचा हात खाली धर, मंजुळे. चुकलं आमचं. मंजुळा सुपारी कातरत ऐकून घ्यायची.

"हाताचा काय? कवा पन वर जातो, कवा पन खाली येतो. साहेब हात मोजीत नाय, पोरा मोजतो. घरातला एक पोर शालेत घाल. शाला वाचली की मी येते."

"अगो, बसचे पैसे भरलेत वर्साचे!"

"मग डीजेवरच नाव घ्या पोराचा."

गुढीपाडव्याला दर्शनाबाई प्रवेशाचं टेबल मांडून बसल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं दुपारपर्यंत माशा माराव्या लागतील. पण नवी पोरं आली. काही रडत, काही आजोबांच्या खांद्यावर, एकाच्या गळ्यात तर जुन्या शाळेची पाण्याची बाटली तशीच लोंबत होती. बाई नाव लिहिता लिहिता चुलीकडे बघून हसत होत्या. आणि मंजुळा पोरांना शिरा वाढताना असं तोंड करून उभी होती, जसं काही हे सगळं आपोआप झालंय.

राहिले आबा. त्यांच्या धाकट्या मुलाचं, मितेशचं लग्न मेच्या मध्यावर, मुलगी ठाण्याची, माजिवड्याच्या जुन्या गावातली. आबा हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी शेजारच्या गावच्या धवलारणीला, सखुबाईला, गाडी पाठवली. सखुबाई आली ती आबांकडे न जाता आधी मंजुळेच्या ओटीवर टेकली, कारण दुसरीच्या वेशीत तिला विचारल्याशिवाय गायचं नाही, असा या बायकांचा आपसातला कायदा. चहा प्याली, सगळं ऐकलं आणि त्याच गाडीने परत गेली. मग आबांनी डीजेवाल्याकडून कुठल्यातरी लग्नातले धवले मोबाइलवर आणले. ते कानावर गेलं तेव्हा माजिवड्याच्या नवरीच्या आजीने फोनवरून आबांना फैलावर घेतलं. "त्यात नाव कुनाचा हाय? भलत्याच पोराच्या नावानं हळद लावता? आमची पोरगी नाय पाठवनार."

आबा ओटीवर आले ते संध्याकाळी, एकटे, आणि उभेच राहिले.

"एक मेला ग्रामसभा हाय. ठराव मागं घेतो. मी स्वतः बोलतो."

"बोला. नि सुश्रुत?"

सुश्रुत म्हणजे आबांचा थोरला नातू. पिवळ्या बसमधला सगळ्यात कडक इस्त्रीचा.

"मंजुळे, तो इंग्लिशमधी बोलतो आता. टाय घालतो."

"टाय घालून येऊ दे. खिचडी सांडली त्याच्यावर तर मी धुवीन."

आबा ओटीच्या पायरीवर टेकले. मग म्हणाले, "माझा नातू तुझ्या हातची खिचडी खानार."

"माझ्या हातची तुमी पन खाल्लीय, आबा. तुमच्या लग्नात माझी सासू गायली, नि भात माझ्या हातचा होता."

एक मेला ठराव मागे गेला. सुश्रुतचं नाव दर्शनाबाईंनी सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचून लिहिलं. आठवड्याभराने साहेबांचा निरोप आला की शाळा राहते. बाईंनी ते मंजुळेच्या घरी चुलीपाशी येऊन सांगितलं आणि मंजुळेला मिठी मारली. "सोडा, फोडनी जलतंय," मंजुळा म्हणाली. चुलीवर तेव्हा काहीही नव्हतं.

मितेशच्या हळदीला आबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माजिवड्याची मंडळी पुढे बसली होती. मेघनाही सासरहून आली होती, आईशी अजून धड बोलत नव्हती, बायकांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. मितेश पाटावर बसला. आबांनी स्वतः हळदीचं ताट उचललं आणि अख्खं अंगण मंजुळेकडे वळलं.

मंजुळेने पदर खोचला. गावदेवीला आवतण दिलं, वेशीवरच्या देवाला दिलं, आबांच्या गेलेल्या आईबापाला दिलं. आवाज वर चढला, नावाची जागा आली. आबा ताट घेऊन पुढे सरकले.

मंजुळेने नाव घेतलं मेघनाचं.

अंगण हललं. आबांचा हात ताटावरच थांबला. "मंजुळे, चुकलीस. मितेश. मितेश हाय."

"नाय चुकले," मंजुळा म्हणाली, भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "तुमच्या पोराचा नाव घेनार, शब्द दिलाय. पन या मांडवात पयला धवला माझ्या पोरीचा. तिची हळद तुमच्या ठरावापायी मुकी गेली. ज्याला नको असंल त्यानी उठून जावं."

कोणी उठलं नाही. माजिवड्याच्या आजीने तर मांडीवर थाप मारली आणि मेघनाला हाताला धरून पुढे ओढून आणलं. मेघना आईसमोर उभी राहिली, हुंदके आवरेनात. मंजुळेने आबांच्या हातातल्या ताटात बोटं बुडवली, पोरीच्या गालाला हळद लावली आणि तिचं नाव पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. आबा ताट धरून उभे होते, मितेश पाटावर वाट बघत बसला होता, आणि मंजुळेला कसलीच घाई नव्हती.