बोहनीचं कुंकू

कुरुळीच्या सुभद्राबाईंना उभ्या गावात कुणी उणा शब्द बोललं नव्हतं. बोलला तो घरचाच माणूस.

नवऱ्याच्या, म्हणजे लक्ष्मणरावांच्या, खात्यातली सगळी पुंजी एका दुपारी कुणीतरी मशिनमधून काढून नेली. लक्ष्मणराव ओसरीवर चारचौघांदेखत ओरडले, "कार्ड तुझ्यापाशी, पिन तुला ठावं. माहेरी धाडलंस व्हय?"

जाऊ कुसुमताईंनी ते वाक्य झेललं आणि गल्लीभर फिरवलं. बाईंनी धुतलेलं लुगडं वाळत घातलं तरी पलीकडून आवाज यायचा, "चोळी कुठं गेली गं? माहेरी धाडली का?"

बाई रडल्या नाहीत. चुलीत निखारा राखेखाली झाकतात तसा त्यांनी राग झाकून ठेवला. वरून राख, आत लाल.

मागच्या खोल्यांत कंपनीतली पोरं भाड्यानं राहत, बाईंच्याच हातचं जेवत. एका संध्याकाळी लातूरकडचा ज्योतीराम ताट पुढ्यात घेऊन नुसताच बसला. "मावशी, माझं खातं कुणी तरी धुतलं बघा," म्हणत त्यानं कार्ड जमिनीवर आपटलं. बाईंनी ते उचललं. आकड्यांच्या कडेला लाल काहीतरी अडकलं होतं.

"हे कुंकू कशाचं रं?"

"चाकणला आईसाठी कुकर घेतला की. त्यो भांडीवाला दिग्विजयशेठ म्हणला, बोहनीचं कार्ड हाय, देवाला टेकवून आणतो."

"कवा गेलतास?"

"जनरल शिफ्ट सुटल्यावर. दुकानात दिवे लागले होते."

बाईंच्या हातातली पळी थबकली. पैसे जायच्या थोडंच आधी त्यांनी नवी परात तिथूनच घेतली होती, शेठनं शटर वर केल्या केल्या. त्यानं त्यांचंही कार्ड पडद्यामागं नेलं होतं, कुंकू लावून आणलं होतं. मग गोड हसून म्हणाला होता, "आक्का, पिन बोला, मी दाबतो." बाईंनी तो मोठ्यानं सांगितला होता. देवाचा माणूस, त्याच्यापासून काय लपवायचं?

"सकाळची बोहनी कळली," बाई सावकाश म्हणाल्या. "दिवेलागणीला कसली बोहनी रं?"

दुसऱ्या दिवशी त्या घरोघर हिंडल्या. गावात आणखी ज्याचे ज्याचे पैसे गेले होते, त्याचं कार्ड उन्हात धरून बघितलं. सगळ्यांवर तेच कुंकू. काहींवर कुंकू होतं पण पैसे अजून शाबूत होते. त्यांना बाईंनी दंडाला धरून बँकेत नेलं. तिथल्या स्वरूपा मॅडमनी सगळ्यांचे व्यवहार पडताळले. "आम्हीपण हेच शोधतो, आजी. लुटलेली कार्डं आधी कुठल्या एका दुकानात जाऊन आली ते." त्यांनी उरलेली कार्डं बंद केली आणि पोलिसांना फोन लावला.

फौजदारीणबाई साध्या साडीत बाईंबरोबर चाकणच्या दुकानात आल्या. सुभद्राबाईंनी तांब्या घेतला, कार्ड पुढं केलं.

"वा आक्का, बोहनी झाली!" दिग्विजयशेठ पडद्याकडं वळला.

"थांब, मी बी पाया पडते देवाच्या."

"आत पसारा आहे, आक्का..."

बाईंनी पडदा दांडीसकट ओढला. गणपतीच्या तसबिरीमागं काडेपेटीएवढं यंत्र होतं. त्यातून कार्ड ओढलं की त्याची नक्कल निघायची. पिन तर गिऱ्हाईक आपल्या तोंडानंच सांगायचं.

फौजदारीणबाईंनी त्याचा हात धरला. तो हुंदके देऊ लागला, "आक्का, पोटासाठी केलं. माफ करा."

बाईंनी तसबिरीपुढची कुंकवाची वाटी उचलली. मूठभर कुंकू त्याच्या कपाळावर, नाकावर, मिशीवर चोळचोळ चोळलं. "आता झाली बोहनी," त्या म्हणाल्या. त्याला भर बाजारातून तशाच तोंडानं नेलं. बाई डोळे भरून बघत राहिल्या.

बातमी त्यांच्याआधी घरी पोचली होती. कुसुमताईंचं दार लागलेलं होतं. लक्ष्मणराव ओसरीवर मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "चुकलं माझं." मग आणखी हळू, "भाकरी हाय का गं?"

बाईंनी हातपाय धुतले, मागच्या पोरांची ताटं वाढून घेतली आणि उंबऱ्यातून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"तुमची? माहेरी धाडली."