सवडीनुसार पाहणी व्हावी

ज्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे, त्यांच्याबद्दल मला फारसं ठाऊक नाही. अकरा वर्षं एकाच कंपनीत होतो, पण त्यांच्या घरी मी कधी गेलो नाही. मुली दोन की तीन, तेही सांगता येणार नाही. लिहिण्याची सवय नाही. आयुष्यभर लिहिलं ते कंपनीच्या रजिस्टरमध्ये. आणि अडचण तिथेच आहे.

आमचं शीतगृह होतं. मोठ्या खोल्यांत गोठवलेले मटार, मासे, लोणी असं काहीबाही ठेवलेलं. चार नंबरची खोली सगळ्यात थंड, उणे अठरा अंश. ती त्यांच्याकडे. बाराही महिने कानांवर लोकरीची टोपी, म्हणून सगळे त्यांना कानटोपी म्हणत. मॅनेजरसाहेब त्यांना 'ए कानटोपी' म्हणत आणि अरेतुरे करत. मी 'अहो' म्हणायचो, पण हळू आवाजात, मॅनेजरांना ऐकू जाणार नाही असं.

"आम्ही मेलो तर बर्फ आणू नका हो," ते म्हणायचे, "अंगातलाच आठवडाभर पुरेल."

बिघाड असला की रजिस्टरमध्ये नोंद करायची, असा नियम होता. त्यांनी एकदा स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'पंखा बोंबलतोय, लवकर बघा नाहीतर बसंल.' मॅनेजरांनी लाल शाईने काट मारली आणि रजिस्टर सगळ्यांसमोर वर धरलं. "हा बाजार आहे का? कार्यालयीन भाषेत लिहा." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून ते सांगायचे आणि मी लिहायचो. खाली सही त्यांची.

इथे एक सांगायला हवं. माझे वडील हमाल होते. घरी आम्ही कानटोपींसारखंच बोलायचो. नोकरी लागल्यावर मी ती बोली दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवायला शिकलो, आणि कुणाला कळू नये म्हणून इतरांपेक्षा दोन शब्द जास्तच शुद्ध लिहू लागलो.

एका सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले.

"चार नंबरचा आतला दांडा मेलाय साहेब. दार लागलं की आतून सुटत नाही. एखाद्या दिवशी कुणीतरी आत राहील आन गोठून मरंल. लिहा."

मी लिहिलं : 'शीतकक्ष क्रमांक चारच्या दरवाजाचा आतील दांडा काहीसा घट्ट चालतो. सवडीनुसार पाहणी व्हावी, ही विनंती.'

त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं. "मरंल ते कुठंय यात?"

"असं लिहीत नाहीत हो."

"मग कागदावर माणसं मरतात तरी कशी?"

मला हसू आलं. त्यांनी सही केली. त्या महिन्यात ते तीनदा आले आणि तिन्ही वेळा मी तेच वाक्य लिहिलं. मॅनेजरांनी तिन्ही वेळा 'पाहिले' असा शेरा मारला. घाईचं काही त्यात नव्हतंच, तर त्यांनी घाई का करावी?

नंतर एका दुपारी त्यांचा जोडीदार आजारी पडला. चार नंबरमध्ये दोघांनीच जायचं, असा नियम. पण गाडी येऊन उभी होती आणि मॅनेजर ओरडत होते. कानटोपी एकटेच गेले. दार मागे लागलं. पन्नास मिनिटांनी गाडीचा ड्रायव्हर वैतागून बघायला गेला आणि त्याने बाहेरून दार उघडलं. कानटोपी दाराला टेकून बसले होते, हातात क्रेटची फळी. ती आपटून आपटून तिचे दोन तुकडे झाले होते. डाव्या हाताची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली.

चौकशीला मुख्य कार्यालयातून एक अधिकारी आले. दोष कुणाचा, एवढंच ठरायचं होतं. दोष कानटोपींचा ठरला तर त्यांना चार नंबरवरून काढणार, हे आधीच सगळ्यांना माहीत होतं. चौकशीची टिपणं घ्यायला मीच.

अधिकारी सभ्य होते. त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "ही सही आपलीच ना?"

"माझीच."

"आपण स्वतःच 'सवडीनुसार' म्हटलंय. जिवाला धोका होता, तर तसं का नाही लिहिलंत?"

कानटोपींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुकानात सुट्टे कमी पडले की आपण सोबतच्या माणसाकडे बघतो ना, तसं. मी पेन धरून बसलो. एक वाक्य बोलायचं होतं : हे शब्द माझे आहेत. जीभ उचललीच नाही. बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, की ते तोंडाने नक्की काय म्हणाले होते? मग मला मॅनेजरांसमोर ते तसंच, माझ्या वडिलांच्या बोलीत, म्हणून दाखवावं लागलं असतं.

"मी बोललो होतो साहेब," ते म्हणाले.

"बोललात ते कागदावर दाखवा."

"सदर दरवाजा..." त्यांनी सुरुवात केली. पुढे सुचेना. पट्टी बांधलेला हात मांडीवरून टेबलावर ठेवला, परत मांडीवर घेतला. "मला ते तुमच्यासारखं नाही येत बोलता."

"भाषेचा इथे काय संबंध?" मॅनेजर म्हणाले.

मी टिपण लिहिलं : 'कर्मचाऱ्याने स्वाक्षरी मान्य केली. नियम मोडून एकटे आत गेल्याचेही मान्य केले.' त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

दांडा चार दिवसांत बदलला. कानटोपींना फाटकावरच्या केबिनमध्ये बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सह्या घ्यायला. टोपी मात्र डोक्यावर तशीच.

फाटक एकच होतं, त्यामुळे रोज दोनदा समोरासमोर यायचो. बऱ्याच महिन्यांनी एकदा धीर करून थांबलो. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, आणि तोंडातून निघालं, "झाल्या प्रकाराबद्दल मला खेद वाटतो."

त्यांनी मान वर केली. "अर्ज देताय का साहेब?"

त्यांनी हे थट्टेने विचारलं की मनापासून, मला अजून कळलेलं नाही. मी मान हलवली आणि आत गेलो. पुढची पाच वर्षं आम्ही 'या' आणि 'येतो' यावर काढली.

मी निवृत्त झालो त्या दिवशीही केबिनमध्ये जाऊन सही केली. त्यांनी तीन बोटांनी रजिस्टर धरून ठेवलं होतं, पान उडू नये म्हणून.

"वेळ टाका," ते म्हणाले.

"टाकली."

"दार ओढून घ्या जाताना. वारं येतं."

"घेतो," मी म्हणालो.