कापगते सरांच्या बोडीतले बेडूक

जन्मभर बातमीदारी केली. छापलं ते रद्दीत गेलं. जे छापता आलं नाही ते मात्र साचत राहिलं, आणि चार माणसं बसली की अजून बाहेर पडतं. त्यातलं निम्मं कापगते सरांचं. सर आमच्या भागातल्या कॉलेजात झूलॉजी शिकवायचे आणि कोंढ्याला राहायचे. घरामागं त्यांची धानाची बांधी, बांधीच्या वर पावसाचं पाणी साठवायची छोटी बोडी. ती बोडी, तिच्यातले बेडूक आणि वहिनी, एवढाच सरांचा संसार.

* * *

कुठलाही विषय काढा, सर 'कोण कोणाला खातो' इथंच पोचायचे. एकदा गोविंदाच्या हॉटेलात आलूबोंडा हातात धरून म्हणाले, "हे ऊन आहे. ऊन चण्यात गेलं, चण्यातून बेसनात, आता माझ्यात. पण दर पायरीला बहुतेक ताकद उबेत उडून जाते. पुढच्याच्या वाट्याला थोडीच येते."

गोविंदा कढईवरून मान न उचलता म्हणाला, "थोडीच येते म्हनूनच म्हनतो सर, दोन खा."

* * *

वर्गात एकदा सरांनी पोरं सुतळीनं बांधली. एक धान, एक नाकतोडा, एक बेडूक, एक धामण, एक घार. तेवढ्यात प्यून श्रावण नोटीस घेऊन आला आणि सुतळीत अडकला.

"सर, मी कोन?"

"तू बुरशी."

श्रावणचं तोंड उतरलं. सर म्हणाले, "अरे, घारसुद्धा मेली की तिची माती तूच करतोस. तू नसलास तर पुढचं धान उगवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी श्रावण प्रिन्सिपॉलना सांगत होता, "साहेब, माझ्याबिगर कॉलेज चालत नाही. सायन्समधी हाये ते."

* * *

मग बेडकांचे व्यापारी आले. परदेशात बेडकांच्या तंगड्या खातात म्हणे. पावसाळ्यात माणसं पेट्रोमॅक्स घेऊन बांधीबांधीत उतरायची, पोती भरून ट्रक जायचे. सरांची बोडीही मुकी झाली. त्यांनी पदरचे पैसे मोजून एक पोतं सोडवलं आणि बेडूक बोडीत सोडले. दोन दिवसांनी पकडणारा नवं पोतं घेऊन दारात हजर. सरांनी पोत्याचं तोंड उघडून पाहिलं.

"अरे, हे तर माझेच!"

"तुमचेच हायेत सर. म्हनून तं पहिले तुमच्याकडं आनले."

दुसऱ्यांदा सोडवायला सरांकडं पैसे नव्हते.

* * *

मी बातमी लिहिली, नागपूरला फोन लावला. पहिल्या पानावर पाहिजे म्हणालो. संपादक हसले. "बेडूक मतदान करतात का?"

"नाही. म्हणूनच त्यांच्याबद्दल खरं छापता येईल."

आतल्या पानात चार ओळी आल्या. मथळा, 'बेडकांची विमानवारी'. त्या मथळ्याचा मला अजून राग येतो.

* * *

पुढच्या हंगामात धानावर तुडतुडे आले. कृषी खात्याचे साहेब फवारणीचं औषध घेऊन आले, गावात सभा घेतली. मी सभेत उठून विचारलं, "बेडूक हे किडे फुकट खात होते. ते विकायचे आणि त्याच पैशातून औषध घ्यायचं, हे कोणतं शहाणपण?"

साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. पण बेडकाची पावती मिळत नाही."

* * *

सरांनी फवारणी केली नाही. औषध पाण्यात उतरलं तर बेडूक कधीच परतायचे नाहीत, एवढीच त्यांना काळजी. निम्मं धान गेलं. वहिनी रिकाम्या सुपाकडं बघत म्हणाल्या, "तुडतुडे जेवले. आता आपन काय खाचं?"

"तुडतुडे खाणारे येतील."

"कवा?"



पुढच्या पावसाळ्यात वहिनी लाखनीला माहेरी गेल्या. येताना एसटीत मांडीवर दुधाची कॅन. कंडक्टरनं विचारलं, "काय हाये त्याच्यात?"

"लेकरं."

त्यानं झाकण उघडलं. बेडकांची काळी पिल्लं, नुसत्या शेपट्या वळवळताहेत. "मंग याईचं अर्धं तिकीट फाडू का?"

"पाय फुटले का फाडजो."

* * *

पिल्लं सोडली, पण बोडी गप्पच राहिली. सर रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसायचे. पुढं रिटायर झाले. नंतर त्यांचे कान गेले, तरी काठावर बसणं सुटलं नाही. पुढं पाय थकले तेव्हा खुर्ची ओसरीवर आली.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. मी संध्याकाळी सहज गेलो होतो. चहा घेत असताना बोडीकडून आवाज आला. जाड, घशातला. मग दुसरा.

मी सरांच्या कानाशी ओरडलो, "सर, आले!"

"काय?"

वहिनी रोवणीहून नुकत्याच आल्या होत्या, हाताला चिखल तसाच. त्यांनी हात लुगड्याला पुसले, सरांशेजारी बसल्या, त्यांचा तळहात मांडीवर घेतला. बोडीत आवाज झाला की अंगठ्यानं दाबायच्या. बारीक आवाज असला की नुसती करंगळी. नवा बेडूक बोलला की नवं बोट.

सरांनी डोळे मिटले. 

"तीन आहेत," ते म्हणाले.

वहिनींनी मान हलवली आणि आणखी एक बोट टेकवलं.