टाईनची ओटी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तालुक्याच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी मला नद्यांची गोडी लावली आणि स्कॉलरशिपने थेट न्यूकॅसलला, टाईन नदीच्या काठी आणून सोडलं. या दोन्हींचे उपकार मी विसरलेले नाही. मी निघाले तेव्हा आईने नवस बोलला होता : पोर पास झाली, तर जिच्या काठी ती राहते त्या नदीची ओटी भरीन.

कॉलिंग कार्डावरून फोन करून मी निकाल कळवला आणि ऑक्टोबरात आई आली. बॅगेत खण, तांदूळ, हळकुंडं. नारळ तेवढा इथल्या इंडियन दुकानातला.

ओटी संगमावरच भरायची, यावर ती ठाम होती. टाईनला संगम आहे हे मीच कौतुकाने सांगून बसले होते. उत्तर टाईन स्कॉटलंडच्या सीमेकडच्या दलदलीच्या माळांवरून कोऱ्या चहाच्या रंगाची होऊन येते, दक्षिण टाईन पेनाइनच्या डोंगरांतून. हेक्सम गावाच्या थोडं वर दोघी भेटतात. पुढे न्यूकॅसलचे पूल आणि मग समुद्र.

ट्रेनने हेक्समला उतरून आम्ही काठाने चालत गेलो. संगमाच्या डोहात एक वयस्कर गृहस्थ कमरेइतक्या पाण्यात उभे राहून गळ टाकत होते. मी आईला सांगितलं, सॅमन मासे समुद्रात वाढतात, पण अंडी घालायला जन्मल्या ओढ्याकडे परततात, प्रवाहाविरुद्ध, इथूनच.

"म्हणजे बाळंतपणाला माहेरी निघाल्यात," आई म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "आणि हे वाटेत गळ टाकून उभे? विचार त्यांना."

मी अवघडत विचारलं. मादी लागली तर तिला लगेच सोडून देतो, असं ते शांतपणे म्हणाले. आम्ही कशाला आलोय ते कळल्यावर त्यांनी दोरी गुंडाळली, काठावर आले आणि टोपी काढून उभे राहिले.

आईने हळदकुंकू वाहिलं. खण नुसता पाण्याला लावून पिशवीत ठेवला, कारण कापड नदीत सोडायचं नाही ही माझी अट होती. तांदूळ वाहिले, नारळ सोडला. तो गोल फिरला आणि पुन्हा तिच्याच पायांशी आला. तिने ढकलला, परत आला. प्रवाह भिडतात तिथे काठाशी पाणी उलटं फिरतं, हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. पण आई खालच्या आवाजात म्हणाली, "नाही घेतली गं तिने."

त्या गृहस्थांना मराठी कळत नव्हतं, चेहरा कळला. ते पुन्हा पाण्यात उतरले आणि हातातल्या काठीने नारळ मधल्या धारेला लावला. इथे सगळंच जरा रेंगाळतं, म्हणाले. मी ते आईला सांगेपर्यंत नारळ न्यूकॅसलच्या वाटेला लागला होता.

"लेकी सासरी जाताना घुटमळतात तसं," आई डोळे पुसत हसली. "तू मात्र एअरपोर्टवर मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतंस."

त्यांच्या हातावर तिने बेसनाचा लाडू ठेवला.

परतताना हेक्समच्या पुलावर थांबलो. खालच्या बंधाऱ्यावर एक सॅमन उसळली, आपटली, पुन्हा उसळली. आई कठड्यावरून वाकली.

"अगं हळू," ती म्हणाली. "पोटुशी आहेस."